बसलेली तोफ

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णेच्या बाजारात शेपूची जुडी निवडत होतो. फोन आमच्या गावच्या सरपंचाचा. "काका, मन्मथअप्पा सर पहाटे गेले. झोपेतच," एवढं म्हणून तो थांबला. मला वाटलं आता माती किती वाजता ते सांगेल... तर म्हणाला, "तुमच्याकडं त्यांचा एखादा बरा फोटो हाय का? बॅनर टाकायचंय." मी फोन ठेवून दिला. बोललो असतो तर तोंडातून शिव्याच गेल्या असत्या.

अप्पा आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेले. पुढे मी रेल्वेत चिकटलो आणि तो गावातल्याच हायस्कुलात इतिहास शिकवायला लागला. वालूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं पारापाशी लोखंडाचं एक जाडजूड, बुटकं धूड तोंड आभाळाकडं करून जमिनीत रुतलेलं होतं. आमच्या आज्ज्या-पणज्यांनी त्याला उखळ ठरवून टाकलं. गावात लग्न निघालं की मुहूर्ताची हळद त्यातच कांडायची. मुसळाला आंब्याची पानं बांधून सवाष्णी गाणी म्हणायच्या. नवरी देशमुखांची असो, वाण्याची असो की मोहल्ल्यातली, पहिलं हळकुंड तिथंच फुटायचं.

ते उखळ नाही, उखळी तोफ आहे, हे गावाला पहिल्यांदा सांगितलं अप्पानं. तो पारावर उभा राहून हातवारे करून सांगायचा, "लांब तोफ समोर मारती, भिंत फोडती. ही बसलेली तोफ हाय. ही गोळा आभाळात फेकती. पोकळ गोळा, आत दारू, वात पेटलेली. तटावरनं पल्याड जातो अन् आतल्या माणसांच्या डोस्क्यावर पडून फुटतो." ती कुणाच्या फौजेनं आणली आणि कुणाच्या गढीला वेढा घालून इथं टाकून दिली, ते त्यालाही ठाम सांगता येत नसे. पण हळद कांडणाऱ्या बायांवर तो भडकायचा. "अगं, हिच्या गोळ्यानं चुलीम्होरं बसलेल्या बाया मेल्या असतील, अन् तुमी गाणी म्हणायलाव?" बाया पदराआड हसायच्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "सर, तुमच्या तोफेत हळद लय बारीक निघती बघा!"

मग त्याचंच लग्न ठरलं. आईनं बजावलं, हळद तिथंच, नाहीतर लग्न नाही. गडी मुकाट्यानं पारावर बसला. त्या दिवशी त्याचं काहीतरी फिरलं. नंतर तोच मला म्हणाला, "माणसं मारणाऱ्या तोंडात आमच्या बायांनी हळद घातली. एवढी अक्कल कोण्या राजाला होती का रे?" तेव्हापासून तो रोज सकाळी फिरायला निघाला की आधी पारापाशी थांबायचा आणि त्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून पाला, गुटख्याच्या पुड्या, जे असेल ते बाहेर काढायचा.

एकदा माझ्या पासवर त्याला कोकणात नेलं, समुद्रातला किल्ला बघायला. होडीत हा उभा राहून नावाड्याला शिकवतोय, की उखळी तोफ चढवलेल्या जहाजाला खालून जाड तुळया द्याव्या लागत, कारण ही तोफ मागं सरकत नाही, खाली दणका देते. नीट बसवली नाही तर आपलंच जहाज फोडते. नावाडी म्हणाला, "मास्तर, आधी तुम्ही नीट बसा, होडी कलतेय." किल्ल्यात लोक बुरुजावर फोटो काढत होते आणि अप्पा खाली विहिरीपाशी, मान वर करून उभा. "समोरनं येणाऱ्याला तट अडवतो," तो म्हणाला, "वरनं येणाऱ्याला कोण अडवणार?"

गावात चौक सजवायचं निघालं. तोफ उपटायची, चाकांवर आडवी ठेवायची, चंदेरी रंग द्यायचा. अप्पा ग्रामसभेत उठला. "ही बसूनच मारती. आडवी केली तर ना तोफ ऱ्हाती ना उखळ. लेकीबाळींची हळद कुठं कांडायची?" सरपंच हसला. "सर, जलमभर तुमीच तोफ हाय, तोफ हाय म्हणून डोकं खाल्लं. आता तोफ करायलोत तर तुमालाच नको?" सगळी सभा खदखदा हसली. त्यात अप्पाचे विद्यार्थी कमी नव्हते. ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. तरी त्यानं सरपंचाच्या घरी खेटे घालून एक शब्द मिळवला: "तुमी असेपर्यंत हात लावत न्हाई, सर."

सरपंचानं शब्द पाळला हो! अप्पा होता तोवर हात लावला नाही. तो गेल्यावर महिना व्हायच्या आत जेसीबी आणला.

उद्घाटनाला वहिनींना फीत कापायला बोलावलं. अप्पाचा फोटो हार घालून मांडलेला, आणि चौकाच्या पाटीवर त्याचंच नाव! सिमेंटच्या चाकांवर ती तोफ पालथ्या पडलेल्या म्हशीसारखी दिसत होती. वहिनींनी कात्री हातात घेतलीच नाही. म्हणाल्या, "ह्यांचं नाव काढा."

"काकू, सन्मान हाय हो सरांचा."

वहिनींचा आवाज चढला नाही. "आमच्यात माणसाला बसवून मातीत देतेत. ह्यांनाबी बसवूनच दिलं. तुमी आणून आडवं पाडलं."

मंडपात कुणी हसलं नाही. पण सरपंचानं खिशातून दुसरी कात्री काढली, फीत कापली, आणि टाळ्या वाजल्या. लाज वाटत नाही का रे, असं मी ओरडलो, तर लाऊडस्पीकरवर गाणं लागलं.

पाटी अजून तिथंच आहे. नातीच्या लग्नाला वहिनींनी हळद दळून आणली, चक्कीतून. मुहूर्ताचं मुसळ बाहेर काढलंच नाही. हळद लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच चौकात गेलो. तोफेच्या तोंडाशी वाऱ्यानं पाला साचला होता. अप्पा करायचा तसा मी तो ओढून काढला आणि त्याच्यासारखाच हात आत घातला... बोटं सिमेंटला लागली. कुणी कचरा टाकू नये म्हणून तोंड बुजवून टाकलंय.