फडक्याखालची बाटली

फिनेलचा वास आला की मला सासऱ्यांची दवाखान्यातली खाट आठवते, आणि तिच्याशेजारी ऐटीत बसलेला मीही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासुरवाडीला, परंदवडीला, भाताच्या चिखलणीत सासऱ्यांच्या पायात काटा मोडला, त्याचं विष रक्तात भिनलं आणि रक्तदाब पार खाली गेला म्हणून त्यांना लोणावळ्याला आणलं. डॉक्टरांनी सलाईनमधून दाब चढवायचं औषध सुरू केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "या औषधानं दाब चढेल, पण मूत्रपिंडाचं रक्त कमी पडू शकतं. खाटेखालच्या बाटलीवर लक्ष ठेवा. नळीतून तिच्यात लघवी उतरली, तर माणूस हाती लागला." शिकलेला जावई म्हणून मी मान डोलावली, पण स्टूल ओढून बसतो तोच सासूबाईंनी त्या बाटलीवर फडकं टाकलं. ते त्यांच्यादेखत उचलायची माझी काही छाती झाली नाही. दुपारी डॉक्टर आले. "लघवी?" "काही दिसत नाही," मी म्हणालो. डॉक्टरांचा चेहरा पडला, पुण्याला हलवायची भाषा सुरू झाली. तेव्हा पदराआडून सासूबाई म्हणाल्या, "दिसंल कसं? म्या झाकलीया. असलं काय जावयाला दाखवायचं व्हय?" डॉक्टरांनी फडकं उचललं. बाटलीत चांगली चार बोटं पिवळी लघवी साठली होती. डॉक्टर हसत सुटले, आणि दिवसभर न बोललेले सासरे डोळे मिटूनच पुटपुटले, "झाका ती. पाव्हणं बसल्यात." दिवाळीला ते स्वतः मला न्यायला स्टेशनवर आले. आता मीही सासरा झालोय. बायकोला बजावून ठेवलंय, तशी वेळ आलीच तर माझ्या बाटलीवर काही टाकू नकोस, जावयाला खुशाल बघू दे.