काकूंचा गिचका भात

भात उतरला की काकू त्यातला चिमूटभर ताटलीत टाकायच्या आणि बोटानं शितं फाकवायच्या. “शितानं शिताले ओळखाले नाही पाहिजे,” असं म्हणायच्या. आर्णीतल्या आमच्या गल्लीत कोणाचंही लग्न असो, भाताच्या गंजापाशी काकू उभ्याच. आचारी मनातून शिव्या घालत असणार, पण भात मोकळा व्हायचा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. आमची भिंत तर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळं मला सुटका नव्हती. माझा भात त्यांनी कधीच पास केला नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा जपानला कारखान्यात आहे. तिथंच त्यानं फिलिपिन्सच्या एका मुलीशी लग्न केलं. काकूंनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, “भात खाते ना?” खाते म्हटल्यावर त्यांचा विरोध संपला.

दोघं पहिल्यांदा आली ती मे महिन्यात. आपल्याकडचा मे कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी गुणी, हसरी. पण काकूंच्या रश्श्याच्या पहिल्याच घासाला तिला जो ठसका लागला, तो रात्रीपर्यंत टिकला. मग ती दह्यावर आणि बिस्किटांवर आली. पुढं तेही नको झालं. शेवटी मुलगा म्हणाला, हिला घेऊन नागपूरला हॉटेलात जातो, तिथूनच विमान पकडू.

काकू भिंतीपाशी आल्या. “माह्या घरून उपाशी गेली तं पुन्हा पाय ठेवन का ते इथं?” असं त्यांनी मला विचारलं. सून आली नाही तर मुलगाही येणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मग मुलाकडून कळलं, की तिची आई एक पदार्थ करते. मूळची जपानी सुशी. पण तिच्या देशातल्या बायका गुंडाळ्या करत बसत नाहीत. ट्रेमध्ये भात थापायचा, वर खेकडा, आंबा आणि मेयोनीज घालून भट्टीत भाजायचा आणि समुद्री शेवाळाच्या पापडासारख्या कागदावर घेऊन खायचा. शेवाळाचं पाकीट तिच्या बॅगेत होतं. मेयोनीज चौकातल्या बर्गरच्या गाडीवरून आलं. खेकडे ऐन उन्हाळ्यात कुठून आणायचे, म्हणून उकडलेली अंडी.

भट्टीची अडचण नव्हती. दिवाळीत आम्ही नानकटाईचं पीठ घेऊन चाचांच्या बेकरीत रांग लावतोच. चाचांनी ट्रेकडं पाहिलं. “भाभी, ये क्या है?” काकू म्हणाल्या, केक आहे. वर अंड्याचे काप आणि आंब्याच्या फोडी बघून चाचांनी पुढं काही विचारलं नाही.

तो पहिला ट्रे वाया गेला. काकूंनी सवयीनं पेज काढून, तेलाचा थेंब सोडून भात केला होता. सुनेनं तो शेवाळावर घेतला आणि सगळा तिच्या मांडीवर सांडला. “आई, भात गिचका, चिकट लागते याले,” मुलगा म्हणाला. काकूंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू तो दारू पिऊन घरी आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरची गाडी यायची होती. सकाळीच काकूंनी पुढचं दार आतून लावलं आणि मला मागून बोलावलं. नवा तांदूळ घेतला, पाणी दुप्पट घातलं, पेज काढली नाही. साखर-व्हिनेगर घालून भात डावानं घोटला. लग्नांच्या पंगतीच्या पंगती सांभाळलेली बाई मुद्दाम भात बिघडवत होती. “कोणाले सांगू नको माय,” त्या म्हणाल्या. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय ते आता त्या नाहीत म्हणून.

चाचांनी तो केकही भाजून दिला. सुनेनं शेवाळावर घास घेतला. सांडला नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, मग तोंडात घास असतानाच नवऱ्याला काहीतरी म्हणाली. त्यानं काकूंना सांगितलं, “मीठ कमी आहे म्हणते.”

काकूंचा चेहरा उजळला. मिठाची तक्रार करते म्हणजे आता जेवणार, असं त्यांचं म्हणणं. मीठ देऊन त्या मागच्या अंगणात आल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मलाही आवरेना. इतकी वर्षं मी या बाईला टाळायला बघायचे, आणि त्या दिवशी ती मला फार आपली वाटली. नागपूरची गाडी रिकामी परत गेली.

या हिवाळ्यात काकू गेल्या, झोपेतच. जपानहून दोघं पोचली तोवर सगळं उरकलं होतं. सुतकात त्या घरी गल्लीतून डबे जात होते. माझ्या वाट्याच्या दिवशी मी पिठलं-भाकर नेली. गडबडीत पिठल्यात मिरची हात राखून घालायची राहिली, आणि ते तिथं पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

सून बायकांमध्ये खाली मांडी घालून बसली होती. तिनं भाकर मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. नाक-डोळे वाहत होते. कशानं, ते कोणी विचारलं नाही. ताट पुसून खाल्लं आणि खुणेनं अजून मागितलं.

पोरगी पोटभर जेवली, हे काकूंना सांगायला मी सवयीनं उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत कोणी नव्हतं.