पिनांवरचा शेवटचा हलका हात

शिरवणे गावामागच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आमची प्रयोगशाळा होती. ऐंशीनंतरची काही वर्षं मी तिथे ग्राइंडिंग केलेल्या पोलादातला ताण क्ष-किरणांनी मोजत असे. घासताना पृष्ठभाग जास्त तापला तर थंड होताना त्यात ओढ राहते. ती दिसत नाही, पण पुढे तडा तिथूनच जातो. बेताने घासलेला पृष्ठभाग दाबात राहतो. आकडा वजा आला तर दाब, अधिक आला तर ओढ.

एका सकाळी एका कारखान्यातला ग्राइंडिंग करणारा कामगार स्वतःच पाच पोलादी पिना घेऊन आला. पन्नाशीचा, मोरा बंदरावरचा कोळी. पिना जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या. त्याच्या हातच्या पिना पंपात बसवल्यावर तडकत होत्या.

"खराब निघाल्या तं मना मशीनवरून काढतील," तो म्हणाला. "पॅकिंगला. पेट्यांना खिळे ठोकायला."

कारखान्याच्या पत्रात फक्त पृष्ठभागाचं माप मागितलं होतं. पहिली पिन लावली, वेगवेगळ्या कोनांत कलवून मोजली. आकडा वजा. बाकीच्या चारही वजाच. तो हसला, खिशातून तंबाखूची डबी काढली, भिंतीवरची तंबाखूबंदीची पाटी पाहून परत ठेवली.

मला मात्र चैन पडेना. क्ष-किरण पोलादात केसाच्या जाडीइतकेही शिरत नाहीत. दाब होता, तर पिना तडकत का होत्या? मी एका पिनेचा वरचा थर आम्लाने आणि विजेने उतरवायला घेतला.

"वरचं बरं हाय ना? मंग आत कशाला खनता, साहेब?"

आतला आकडा अधिक आला, म्हणजे ओढ. मी पुन्हा मोजला. तोच आला.

"काका, पिनेवर तपकिरी डाग पडतो का, जास्त तापल्याचा?"

त्याने दुसरी पिन उचलून अंगठ्याने पुसली. "परतो. मंग शेवटी भरपूर पानी सोडून हलका हात फिरवतो. डाग जातो. सगलेच करतात."

"डाग पडतोच कशाने?"

"घासायच्या चाकाला धार लावायचा डायमंडच बोथट हाय, किती म्हैने. स्टोअरवाल्याकडं नवा मागला तं बोलतो, लगीन काढलंस काय, अंगठी पायजे?"

रिपोर्टात मी दोन्ही आकडे लिहिले: वर त्या हलक्या हाताचा दाब, खाली तापल्याची ओढ. खाली एक ओळ लिहिली: चाकाला धार लावण्याचा हिरा तपासावा. आमच्या साहेबांनी ती खोडली. "आपण मोजतो. सल्ला देत नाही." मी दुपारी कारखान्याला फोन करून ती ओळ तोंडी सांगितली. पलीकडच्याने लिहून घेतली.

दोनेक महिन्यांनी त्याच कारखान्याच्या पिना आल्या. घेऊन आलेला माणूस दुसरा होता. वर दाब. थर उतरवला, आतही दाब.

"नवीन डायमंड आणला," तो म्हणाला.

"आधीचे काका?"

"ते पॅकिंगला."

मी पिना पुन्हा लावल्या. गरज नव्हती.