मास्तरांची मोरपंखी जोडी

तळमजल्यावरचा शिंपी म्हणायचा, "मास्तरांना अर्धा तास एका जागी बसवायचं असेल तर खुर्चीला टाके घालून शिवावं लागेल. तरीही ते खुर्चीसकट खिडकीशी जातील." समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका इतके सरळ बोलत नसत. "त्यांच्याकडे फुलं ठेवायची चौसष्ट भांडी आहेत," असे त्या नव्या भाडेकरूंना सांगत, "आणि फुलं बघाल तर एकाच भांड्यात. बाकीची त्रेसष्ट उपाशी."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्हींची मुळे वेगवेगळी होती.

मास्तरांचे सारे आयुष्य कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेले. गिऱ्हाईक तळहाताएवढा नमुना पाठवी. कढईतून निघालेले शेकडो वार कापड त्या तुकड्याशी जुळते की नाही, हे मास्तरांनी सांगायचे. पुढे मोजणी करणारी यंत्रे आली, पण शेवटचा शब्द त्यांचाच राहिला. निर्णय ते नेहमी उत्तरेकडच्या खिडकीत देत. तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. "दिव्याखाली सगळे सख्खे भाऊ असतात," ते म्हणत. "खिडकीत आणा, मग कळतं कोण चुलत." शिवाय पाच आकडे मोजून होण्याआधी ते नजर काढून घेत, दोन पावले मागे जात, भिंतीकडे बघत आणि पुन्हा पुढे येत. डोळा दमला की तो कशालाही हो म्हणू लागतो, असा त्यांचा अनुभव होता. पस्तीस वर्षे ही ये-जा केल्यावर ती पायांत भिनली. घरातही ते चहाचा कप घेऊन चालत, वर्तमानपत्र उभ्याने वाचत, आणि कुणी बोलत असले तरी मध्येच खिडकीशी जाऊन परत येत.

भांड्यांचे मूळ मात्र कारखान्यात नव्हते. लग्नात त्यांच्या पत्नीने आपल्या आत्याकडचे एक काचेचे भांडे आणले होते: पसरट, काठाला सैलशी दुमड असलेले, मोरपंखी रंगाचे. अशा भांड्याच्या मधोमध त्याच काचेचा एक भरीव गोळा बसतो. त्याला वरून भोके असतात, आणि त्या भोकांत देठ खोचले की फुले आडवी न पडता उभी राहतात. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मास्तरांनी ते भांडे घासायला घेतले. कारखान्यात रंगाचा थर काढायचा तो उकळत्या पाण्यानेच. घरीही त्यांनी तेच केले. गोळ्यातून बारीक आवाज आला आणि त्याचे तीन तुकडे झाले. पत्नीने तुकडे वेचून कागदात गुंडाळले. "भांडं तरी वाचलं," एवढेच ती म्हणाली, आणि हा विषय पुन्हा तिने कधी काढला नाही.

तिने चार शब्द सुनावले असते तर कदाचित प्रकरण तिथेच मिटले असते. तसे न झाल्यामुळे मास्तर तसलाच गोळा शोधायला बाहेर पडले, आणि एकतीस वर्षे शोधत राहिले.

दर रविवारी सकाळी जुना बाजार. जुनी घरे रिकामी होतात तेव्हा भांडे एकाकडे जाते आणि गोळा दुसऱ्याकडे. कुणी त्यात पेनं खोचतो, कुणी तो कागदांवर वजन म्हणून ठेवतो. मास्तर गोळा शोधायला जात आणि रिकाम्या हाताने परतायला नको म्हणून भांडे घेऊन येत. मधाच्या रंगाची, धुरकट जांभळी, दुधी गुलाबी, बाटलीसारखी हिरवी. गोळा नसलेल्या भांड्यांना ते विधुर म्हणत. ती सगळी कपाटावर, खिडकीच्या कठड्यांवर आणि शेवटी शिलाई मशीनवरही जाऊन बसली. "अहो, निदान झोपायची जागा तरी ठेवा," पत्नी म्हणे. "विधुरांना तुमच्या घरात मान, आणि मला पाय पसरायला जागा नाही."

मोरपंखी गोळा अखेर मिळाला तो दाताच्या डॉक्टरांच्या टेबलावर. मास्तर दाढ दाखवायला गेले होते. तोंडात कापसाचे बोळे, बोलता येईना. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला पेन उचलले ते नेमके त्या गोळ्यातून. मास्तर खुर्चीतून उठले आणि बोटाने दाखवू लागले. दुखते तरी कुठे, हे डॉक्टरांना कळेना. चांगली पेनदाणी आणून देण्याच्या बोलीवर गोळा त्यांना मिळाला. दाढेचे काम त्या दिवशी राहूनच गेले.

घरी येऊन त्यांनी तो उत्तरेच्या खिडकीत भांड्याशेजारी धरला. दुपारी पुन्हा धरला, संध्याकाळी दिव्याखाली धरला. पाच मोजले, मागे गेले, पुढे आले. जुळत होता. मग त्यांनी तो भांड्यात बसवला, पत्नीला हाक मारली आणि "हे घे, झालं," असे म्हणून खुर्चीत बसले. समोरच्या शिक्षिकाबाईंनी हे दारातून पाहिले. त्यांच्या मते मास्तर त्या दिवशी पुरता अर्धा तास बसले होते. पत्नी थोडा वेळ भांड्याकडे पाहत उभी राहिली. मग खाली जाऊन ती फुले घेऊन आली. त्यानंतर सहा वर्षांत ते भांडे एक दिवसही रिकामे दिसले नाही.

मोतीबिंदूची शंका प्रथम लेकीला आली. ती औषधांच्या दुकानात काम करते. एका दुपारी तिने वडिलांच्या पायांकडे पाहिले. एक मोजा काळा होता आणि दुसरा गडद निळा.

"बाबा, डोळे दाखवून येऊ."

"माझे? अगं, या डोळ्यांवर कारखाना चालला पस्तीस वर्षं."

"कारखाना चालला असेल. मोजे चालत नाहीयेत."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी डावा करायचा आणि महिन्याने उजवा, असे ठरवले. मास्तरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: रंगांचे काय? डोळ्यातले भिंग वयाबरोबर जुन्या कागदासारखे पिवळे पडते, डॉक्टर म्हणाले, आणि ते इतके हळू पडते की ज्याचे त्याला कळत नाही. मास्तरांनी मान हलवली. ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे, असे त्यांना तेव्हा वाटले नसावे.

डाव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्यांना पहिली दिसली ती भिंत. ती पांढरी होती. ती पिवळसर आहे असे धरून त्यांनी रंगवणाऱ्याशी दोनदा वाद घातला होता. मग पत्नी दिसली.

"तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"तुमच्यासमोरच झाले," ती म्हणाली. "हळूहळू."

दुसऱ्या दुपारी ती जरा आडवी झाली असताना मास्तरांनी मोरपंखी भांड्यातले पाणी बदलायला घेतले. फुले काढून ओट्यावर ठेवली आणि भांडे खिडकीत आणले. भांडे निळ्याकडे झुकलेले मोरपंखी होते. मधला गोळा पोपटी हिरवा होता. हे जवळचे रंग नव्हते. कारखान्यात नव्या उमेदवारानेही अशी खेप परत पाठवली असती. मास्तरांनी डावा डोळा मिटला. उजव्याने पाहिले तर दोन्ही एक झाले. उजवा मिटला, पुन्हा दोन झाले.

त्यांनी उजेड तपासला होता, तीन वेगवेगळ्या वेळी आणि तीन प्रकारांनी. डोळा तपासायचे मात्र त्यांना सुचले नव्हते.

फुले परत खोचून ठेवली, पण त्या दिवसापासून घरात कुणाला स्वस्थता राहिली नाही. मास्तर एकेक भांडे खिडकीत नेत, एकेक डोळा मिटत, आणि परत आणून दुसऱ्याच जागी ठेवत. गेल्या काही वर्षांत त्यांनी आणखी नऊ जोड्या जमवल्या होत्या. त्यातल्या पाच आता जुळत नव्हत्या. मग भांडी पुरेनात. रस्त्यात ते अनोळखी माणसांच्या बाह्या आणि पाठी ताडून पाहू लागले, कारण निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षांत आपण काय काय पास केले असेल, हा विचार त्यांना सोडीना. थांब्यावर एका गृहस्थांनी "काही हरवलंय का माझ्या कोटात?" असे विचारले, तेव्हा मास्तर तिथून निघाले आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

उजव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा त्यांना सर्दी होती. पुढची आली तेव्हा बाजार होता.

"बाबा, डॉक्टर मला विचारतात, तुमच्या वडिलांना येताना खेचून आणायचं का?" लेक म्हणाली. "कारण तरी सांगा काहीतरी."

"एक झालाय ना. एका डोळ्यानं माणसं वकिली करतात."

"तुम्ही जिन्यात दोनदा पायरी चुकलात."

"जिना चुकीचा बांधलाय."

खरे कारण लेकीला सांगण्यासारखे नव्हते. सदतीस वर्षांपूर्वी मोडलेली वस्तू आपण भरून दिली, ही गोष्ट आता फक्त त्या एका उजव्या डोळ्यापुरती खरी उरली होती. तोही डोळा डॉक्टरांच्या हाती दिला की ती कुठेच खरी राहणार नव्हती.

याच सुमारास शिंपी वर आला. कपड्यांना दोरा जुळवायला तो अधूनमधून मास्तरांकडे येई. या वेळी त्याच्या हातात निळा कोट होता आणि तीन रिळे होती.

"म्हटलं, आता निळं दाखवायला हरकत नाही," तो सहज बोलून गेला.

"आता म्हणजे?"

शिंप्याने रिळे एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काही नाही, मास्तर. मधे चार-पाच वर्षं मी निळ्याला तुम्हाला विचारत नव्हतो एवढंच. एका पँटला तुम्ही दिलेला दोरा लांबून दिसत होता. लाल-पिवळ्याला यायचोच की."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला? रंगाचं?" शिंपी कसनुसा हसला. "मी इस्त्री गरम करायला ठेवून आलोय." असे म्हणून तो रिळे तिथेच विसरून खाली गेला.

मास्तर स्वयंपाकघरात गेले. पत्नी फुलांचे देठ कापत होती. तिच्यापुढे मोरपंखी भांडे होते आणि हातात फुलांचा जाड झुबका होता. सहा वर्षांत त्यांनी हे कितीदा तरी पाहिले होते. ती एक फूल खोचत होती, पान खाली वळवत होती, पुन्हा एक फूल खोचत होती. थोड्या वेळात मधला गोळा पानांखाली पुरता झाकला गेला.

"तुला दिसत होतं," मास्तर म्हणाले.

तिने कात्री खाली ठेवली नाही. "काय?"

"गोळा जुळत नाही ते."

"तुम्ही तो घरी आणलात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही तीन वेळा खिडकीत धरून बघितलंत. मग खुर्चीत बसलात. लग्नापासून तुम्हाला कधी तसं बसलेलं बघितलं नव्हतं मी. कुठे उठवू?" तिने एक देठ आखूड केला. "आणि फुलं घातली की गोळा दिसतोच कुणाला?"

मास्तर खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"म्हणून रोज फुलं."

"फुलं मला आवडतात. पण रोज आणायला लागतात इतकी नाही आवडत."

यावर ती थोडी हसली. मास्तर हसले नाहीत. जुन्या गोळ्याचे तुकडे गुंडाळलेला कागद अजून आहे का, असे त्यांनी विचारले. होता. तिने कपाटाच्या खालच्या खणातून तो काढून दिला, आणि त्यांनी काचेचे तीन तुकडे खिडकीत भांड्याशेजारी मांडले. बराच वेळ ते डावा डोळा उघडा ठेवून पाहत उभे राहिले. पाचाच्या पुढे किती आकडे झाले, ते त्यांनी मोजले नसावेत. मग बाहेर जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला आणि सांगितले, "तारीख घे. सर्दी होणार नाही."

उजवा डोळाही झाला. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मास्तरांच्या दाराबाहेरच्या कठड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा जागी, मोरपंखी भांडे ठेवलेले होते. त्यात फुले नव्हती. मधला पोपटी गोळा उघडा होता, आणि जवळच एका खुर्चीवर पत्नी, हातात फुले नसल्यामुळे की काय, जरा अवघडल्यासारखी बसली होती. मास्तर भांड्यापासून दोन पावले मागे जात होते आणि पुढे येत होते. खिशात बाजाराची पिशवी घडी करून ठेवलेली दिसत होती.

शिंपी रिळे न्यायला वर आला आणि भांड्यासमोर थबकला. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिले, एकदा वहिनींकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारले, "मास्तर, इतकं उघडं दिसतंय हो. निदान दुसरा मिळेपर्यंत तरी वर चार फुलं टाकायची."

"सहा वर्षं तिनं झाकलं, तेवढं पुरे. चूक माझी आहे, दिसू दे. आणि तू बाजूला हो, उजेड अडवतोयस."