मान न हलवायची मीटिंग

पद्मजाकाकू सुश्रुतदादाच्या मानेला पट्टा बांधत होती. ती सायकलवरून पडली होती ना, तेव्हाचा तिचाच जुना पट्टा. शाळेच्या गेटसमोर, नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावात, भर रस्त्यात. जाणारे-येणारे वळून वळून बघत होते.

"ताई, गळा आवळतोय."

"आवळू दे. मान हलता कामा नये."

"दावणीला बांधताय का मला?"

"दावणीचा बैलसुद्धा तुझ्याएवढी मान डोलवत नाही. गप उभा राहा."

मी हसून हसून कठड्यावर बसले. माझ्या शेजारी त्याची पोरगी संहिता, चार वर्षांची, वॉकर धरून उभी. सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. तिला याच शाळेत यायचं होतं, शेजारचा राफ इथे आहे म्हणून. दप्तर कुशीत घेऊन झोपायची ती.

आधीच्या मीटिंगला मुख्याध्यापिका मार्लूस म्हणाली होती, वर्ग वरच्या मजल्यावर आहे, मुलीला जिना जमणार नाही, डच येत नाही, घरी मराठी बंद केलंत तर बरं. दुसरी शाळा जास्त चांगली पडेल, तुम्हीच बघाल का? आणि आमचा सुश्रुतदादा, ॲमस्टरडॅमजवळ स्लोटरडाइकच्या ऑफिसात एवढी मोठी टीम सांभाळणारा, प्रत्येक वाक्याला मान डोलवत बसला. आपल्यात त्याचा अर्थ 'ऐकतोय, बोला'. इथे अर्थ 'मान्य'. दुसऱ्या दिवशी मेल आला, तुम्ही स्वतः दुसरी शाळा शोधताय, आभारी आहोत.

त्याची बायको चारुता रडत काकूकडे आली. काकू नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली, आता लहान मुलांच्या पाळणाघरात नोकरी करते. असल्या आयांना रोज भेटते. कांदा चिरता चिरता म्हणाली, "लेखी अर्ज दिलाय ना? मग संपलं. जमत नसेल तर जमेल अशी शाळा शोधून द्यायचं काम शाळा चालवणाऱ्या त्यांच्या मंडळाचं. कायदा आहे. तुम्ही का वणवण करताय?"

मी शाळा सोडली तेव्हा सगळे मला लेक्चर द्यायचे. काकूने फक्त विचारलं होतं, "जेवलीस का?" म्हणून ती म्हणेल तिथे मी जाते. त्या दिवशी संहिताला सांभाळायला गेले.

आत शिरताच मार्लूस दचकली. "अरे बापरे, अपघात झाला?"

दादाने सवयीने मान हलवायला घेतली. पट्ट्याने अडवली. "नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मार्लूसने परत जिना, भाषा, एकटी शिक्षिका असं सगळं समजावलं. दादा लाल होत गेला. मान हलेना, म्हणून बोलावंच लागलं. "नाही. मला मान्य नाही. मी दुसरी शाळा शोधत नाहीये. आम्हाला हीच हवी. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या मंडळाने जागा शोधावी."

काकूने तिच्या फाडफाड डचमध्ये जोडलं, "आणि मराठी बंद होणार नाही. आजीशी काय ही डचमध्ये भांडणार?"

मला वाटलं, आता हाकलणार. मार्लूस चक्क हसली. "चला, आत्ता कळलं तुम्हाला काय हवंय! मागच्या वेळी तुम्ही हो म्हणालात म्हणून मी सोडून दिलं." कॉफी मागवली आणि तिथूनच मंडळाला फोन लावला.

मग त्यांची माणसं येऊन संहिताला बघून गेली. मंडळाने सकाळपुरती मदतनीस दिली आणि अख्खा वर्गच खालच्या मजल्यावर आणला. एका पोरीसाठी! पहिल्या दिवशी राफने तिच्या वॉकरला सायकलची घंटी लावली. ती जी सुटली, ट्रिंग ट्रिंग करत, शिक्षिका आनूक मागे पळतेय, चारुता ओरडतेय, "अगं हळू!" काकू मात्र टाळ्या वाजवत होती, "पळ गं, पळ!"

दिवाळीच्या फराळाला चारुताने मला सांगितलं. शाळा सुरू व्हायच्या आधीपासून दर बुधवारी दुपारी आनूक काकूच्या स्वयंपाकघरात बसून मराठी शिकत होती. पहिला शब्द तिने स्वतःच मागून घेतला होता: शू.