माझ्या ट्रॉलीचे चार पिवळे नट

ग्रुपवर ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले बरेच आहात, म्हणून आजचं इथेच सांगतो.

चाकाचे नट कसले की मी प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पिवळ्या पेंटची रेघ ओढतो. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. ही सवय मला सुखदेवनेच लावली. लहानपणापासूनचा दोस्त.

परवा धान आणायला तो माझी छोटी ट्रॉली घेऊन गेला, काल आणून ठेवली. आज सौंदडला मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती. घरच्या आणि शेजारच्या बाया ट्रॉलीत बसवून निघालो, तर वाटेत डावं चाक डुलायला लागलं. सगळ्यांना उतरवून पाहिलं. पाचापैकी चार नटांवर रेघच नव्हती. गंजलेले, आटे गेलेले नट. पाना लावला तर नुसते फिरत होते.

कोहमाऱ्याहून नवे नट आणून बसवले, मंडई करून आलो आणि ट्रॅक्टर थेट सुखदेवच्या अंगणात घातला. त्याच्या ट्रॉलीला माझे चार पिवळे नट होते. मी नुसतं बोट दाखवलं.

"चार नटच तं घेतले बे. कायले तापून राहिला? मले वाटलं, तुयी ट्रॉली उभीच राहीन."

तेवढ्यात माझ्या ट्रॉलीतून त्याची आई उतरली. सकाळपासून ती त्याच चाकाच्या बाजूला बसली होती.

काकूला, म्हणजे त्याच्या आईला, अजून वाटतं, नट आपोआप ढिले झाले. तुम्ही असता तर तिला सांगितलं असतं का?