रोहीची पाठवणी

मुखेडकडच्या आमच्या गावात रोही म्हणजे वैरीच. पेपरात तिला नीलगाय म्हणतात, पण गाय म्हटल्याने तिचं हरभरा खाणं काही थांबत नाही. कळप शिवारात शिरला की सकाळपर्यंत कोवळ्या पिकाचं मैदान होतं, आणि माझे चुलते बांधावर उभे राहून जे बोलतात ते लिहिण्याजोगं नसतं. त्याच घरची थोरली सून, म्हणजे माझी आई, नांदेडात एका रोहीच्या पिलाला बाटलीने दूध पाजत बसलेली असायची. चुलते आले की म्हणायचे, "वयनी, वैऱ्याला पोसून राहिल्या तुमी." आई म्हणायची, "लेकरू कुणाचंबी असो, उपाशी कसं ठेवावं?" चुलतेही तेव्हा तिच्याच हातचं खात असायचे.

माझे वडील शहरातल्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात कामाला होते. प्राणिसंग्रहालय म्हणजे फार काही नव्हे. हरणं, मोर, एक साळिंदर, दिवसभर येरझाऱ्या घालणारा एक कोल्हा आणि थोड्या रोह्या. मागच्या भिंतीला लागून आमचं क्वार्टर. कोरड्या विहिरीत पडलेलं एक पिलू जंगलखात्याच्या लोकांनी आणून दिलं, तेव्हा ते जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाबांनी ते उचलून आमच्या ओसरीवर आणलं. आईने गोणपाट अंथरलं, आणि मग काय, ते जगलंच.

माझं तोवर लग्न होऊन मी लातूरला आले होते. म्हणजे घरात माझी जागा रिकामी झाली आणि ती लगेच भरली गेली. आई त्या रोहीच्या पोरीला 'बाय' म्हणायची. मला कधी एवढ्या लाडाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी माहेरी गेले की ही चार पायांची बहीण माझ्या ओढणीचं टोक चघळत उभी राहायची. मोठी झाल्यावर तिला भिंतीपलीकडे बाकीच्या रोह्यांत सोडलं, तरी रोज दुपारी आई अर्धी भाकरी घेऊन जाळीशी जाई आणि "ये बाय" म्हणे, की ती सगळ्यांना मागे टाकून येई. आई फोनवर मला "जेवलीस का?" विचारायची आणि माझं उत्तर पुरतं व्हायच्या आत बायची हकीकत सुरू करायची. मला राग यायचा. जनावराचा हेवा वाटतो हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून जास्तच यायचा.

आमच्या आईचा एक कायदा होता. घरातून कुणी उपाशीपोटी बाहेर पडायचं नाही. भावाला एकदा रक्ततपासणीला उपाशीपोटी बोलावलं होतं. आईने त्याला पोह्यांची बशी संपवल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. "रक्त काढून घेणार, अन् वरून उपाशी? चक्कर येऊन पडशील की." तो हात हलवत परत आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि दुसऱ्या दिवशीही तिने चहात बिस्किट बुडवून दिलंच. शेवटी तो बहिणीच्या गावी म्हणजे माझ्याकडे येऊन तपासणी करून गेला. आम्ही यावर पोट धरून हसायचो. लेक सासरी जाताना तर हा कायदा आणखी कडक. माझ्या पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाची गाडी सुरू होऊन उभी होती, आणि आई माझ्या तोंडात दहीभाताचे घास कोंबत होती. रडावं की गिळावं हेच मला कळेना.

मग ते प्राणिसंग्रहालय हलवायचं ठरलं. लातूरजवळ, रेणापूरकडच्या माळावर, मोठं वन्यप्राणी उद्यान होत होतं. सगळी जनावरं तिकडे न्यायची. मी खरं तेच सांगते, मला हे पटलं होतं. त्या कोल्ह्याच्या येरझाऱ्या मी वर्षानुवर्षं बघत आले होते. माळावर निदान पळायला जागा होती. आईला आधी रडू आलं, आणि मग एकदम काहीतरी सुचल्यासारखी ती म्हणाली, "म्हंजे तुझ्याच गावाला की गं! दोघी लेकी एकाच गावाला दिल्या मी. येणंजाणं सोपं झालं."

जनावर हलवायचं म्हणजे उचलून गाडीत टाकायचं नसतं. आधी लाकडी पेटी आणून कुंपणात ठेवतात आणि चारा तिच्यातच टाकू लागतात. जनावराला वाटतं ही आपल्या जेवणाची खोली. बाबांनी बायलाही अशीच सवय लावली होती. पण ती भित्री होती; पेटीचं दार पडलं की उसळून स्वतःचं डोकं फोडून घेईल, म्हणून डॉक्टरांनी हलकं गुंगीचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. त्यांनी बजावलं की आदल्या दुपारपासून तिला काहीही घालायचं नाही. रवंथ करणारं जनावर. गुंगीत असताना पोटातलं वर येऊन छातीत जातं, नाहीतर पोट फुगतं. बाबांनी हे घरी येऊन आईला सांगितलं. आई "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मी जन्मभर ऐकलंय. त्याचा अर्थ हो असा कधीच नसतो.

त्या सकाळचं मला बाबांकडूनच कळलं. सगळे गाडीपाशी दोऱ्या आवळत होते. आई मागच्या दाराने आली. हातात परात. ज्वारीच्या भाकरी कुस्करून, गूळ-तूप घालून मळलेल्या. तिने बायच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि परात पुढे ठेवली. आदल्या दुपारपासून उपाशी असलेलं जनावर ते, त्याने परात चाटून लखलखीत केली. बाबा फाटकाशी उभे होते. त्यांना डॉक्टरांचं बोलणं शब्द न् शब्द आठवत होतं. "तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं," बाबा मला म्हणाले, "अन् माझ्यानं न्हाई म्हणवलंच न्हाई. वाटलं, एवढ्यानं काय व्हतंय."

मी त्या दिवशी इकडे, उद्यानाच्या फाटकावर उभी होते. मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी काढून आले होते. बहीण सासरी येणार म्हणून स्वागताला. आईनेच तसं फर्मान सोडलं होतं. हरणांची गाडी आली, मोरांची आली. मग बराच वेळ काहीच आलं नाही. शेवटी बायची गाडी आली ती अगदी सावकाश, आणि बाबा पुढच्या जीपमधून उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

अहमदपूर ओलांडल्यावर पेटीतून घरघर ऐकू आली म्हणून गाडी थांबवली, तर ती आडवी झालेली. पोट ढोलासारखं फुगलं होतं, नाकातोंडातून फेस. डॉक्टरांनी रस्त्याच्या कडेलाच नळी घालून बघितली, पोटात सुई घालून वारा काढायचा प्रयत्न केला. तोंडातून भाकरीचा लगदा आला तेव्हा ते बाबांवर ओरडले, "काय घातलंत हिला?" बाबा म्हणाले, "मी भाकरी चारली, साहेब." चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं, आणि निवृत्तीच्या तोंडावर जी बोलणी खायची ती मान खाली घालून खाल्ली. आईचं नाव त्यांनी कुठे येऊ दिलं नाही.

तपासणी झाल्यावर उद्यानाच्या मागच्या कुंपणाशी, एका बाभळीजवळ खड्डा खणून तिला मीठ टाकून पुरलं. मी तिथे उभी होते. दुःख झालं असं म्हणायला हवं, झालंच होतं, पण आधी मला भयंकर राग आला. मी बाबांना म्हणाले, "आईला सांगा. कळू दे तिला एकदा, आपल्या कायद्याची किंमत." बाबा हातावरची माती पुसत होते. म्हणाले, "सांगून टाकतो. पण मग ती पुन्हा कुणाच्या ताटात वाढंल का, सांग." आईला हे कधीही कळू द्यायचं नाही असं आमच्या दोघांत ठरलं, आणि बाबा संध्याकाळच्या एसटीने नांदेडला गेले.

खोटं बोलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण बाय माझ्या गावाला होती. "काय करून राहिली बाय?" आई विचारायची. मी सांगायची, कळपात रमली. लसूणघास खाते. जागा मोठी आहे, दिवसभर हुंदडते. पहिल्या दिवसांत मी घाईघाईने फोन ठेवून द्यायची, पण माणूस कशालाही सरावतो. पुढेपुढे मी भाजी निवडता निवडता सांगू लागले. एकदा आईने विचारलं, "माझी याद काढती का गं?" मी फटकन म्हणाले, "जनावरं कुठं याद काढतात, आई?" ती म्हणाली, "न्हाई काढत तेच चांगलं हाय." मी त्या रात्री जेवले नाही.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, दोघं भाड्याच्या घरात राहायला गेले. आणि दिवाळीनंतर आई लातूरला आली. बाबा आले नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मी काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "चल, घेऊन चल उद्यानात." मी टाळाटाळ करून पाहिली. मुलांच्या परीक्षा, ऊन, रिक्षा मिळत नाही. ती पदर खोचून दारात जाऊन उभीच राहिली.

रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या हातात काही नाही. डबा नाही, फडक्यात बांधलेली भाकरी नाही. मला वाटलं, वय झालं, विसरली असेल, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. रोह्यांचं कुंपण फार मोठं होतं. कळप लांब, झुडपांच्या सावलीला होता, चेहरे ओळखू येणार नाहीत एवढा लांब. मी देवाचे आभार मानले आणि त्यातल्या एकीकडे बोट केलं. "ती बघ. ती डावीकडची."

आईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. "पुरलं कुठं?" तिने विचारलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "राहू दे," ती म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं. तुझे बाबा आले अन् घरात पाय न्हाई ठेवला. अंगणातच बसले, म्हणले पाणी दे डोक्यावर. मातीहून आलेला माणूसच अशी आंघोळ करतो. त्यायलाबी कळलं नसंल आपण काय करून राहिलो ते."

"मग इतके दिवस मला कशाला विचारत होतीस?"

"ते बाजूलाच बसलेले असायचे ना."

मी तिला मागच्या कुंपणाशी नेलं. बाभळीखालची जमीन आता सपाट झाली होती, गवत उगवलं होतं. कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. आई खाली बसली. हाताने गवत बाजूला केलं, पुन्हा सारखं केलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माझ्या भाकरीनंच गेली का?"

एवढे महिने माझ्या जिभेवर खोटं तयार असायचं. ऊन, प्रवास, भीती, कितीतरी कारणं होती, सगळी पटण्यासारखी. पण तिने ती माती एवढ्या हळूच सारखी केली होती की मला त्यातलं एकही उच्चारवेना. मी म्हणाले, "हाव."

आई रडली. हुंदके देऊन नाही. नुसतं पाणी गालांवरून येत होतं आणि ती पुसत नव्हती. "डॉक्टरनं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, डॉक्टरला काय ठावं लेकीला कसं वाटं लावावं." मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. माझा राग कुठे गेला होता कोण जाणे. मला फक्त माझी आई फार म्हातारी दिसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा. मी घाबरून आईकडे बघितलं. तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"हाव, बघितली की," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "लई जाड झाली हो. कळपात रमली. मला वळखलंबी न्हाई तिनं." तिकडून बाबा बोलत राहिले, आई ऐकत राहिली. तिचा दुसरा हात अजून गवतावर होता. "खुशाल हाय ती," आई म्हणाली. "आता तिचा घोर सोडा तुमी."